पिवळी पिन आणि दुगुन

मॉनिटर चालू केला की त्याच्या कोपऱ्यातला दिवा हिरवा व्हायचा, काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पट्टी तरंगायची आणि थोड्या वेळात दिवा नारिंगी होऊन पडदा झोपी जायचा. मे महिन्यातल्या एका दुपारी, कोपरखैरण्याला माझ्या माहेरी, हे आम्ही सात-आठ वेळा पाहिलं. दर वेळी माझा मुलगा मागची वायर काढायचा, पिनेवर फुंकर मारायचा आणि परत लावायचा. मागे जोडलेला गेम, म्हणजे टीव्हीला लावून खेळायचं यंत्र, चालू होता एवढं नक्की. त्याचा हिरवा दिवा लागला होता, आत तबकडी फिरल्याचा बारीक आवाज येत होता. तिकडे सगळं घडत होतं आणि इकडे काही पोचत नव्हतं.

गेम दादाचा. प्लेस्टेशन २, त्यातही नंतर आलेला सडपातळ. जपानमध्ये मूळ यंत्र २००० साली आलं आणि पुढे जगभरात पंधरा कोटींहून जास्त खपलं. त्यातलं एक दादाने २००९ मध्ये वाशीला कुणाकडून तरी वापरलेलं घेतलं, पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या पगारातून. आता तो चाकणला असतो. या सुट्टीत फोनवर म्हणाला, “माळ्यावर बघ, भाच्याला देऊन टाक.” माळ्यावर खरंच सगळं होतं. दोन कंट्रोलर, त्यातल्या एकाचं रबर झिजलेलं. ८ एमबीचं मेमरी कार्ड. साडेआठ व्होल्टचा त्याचा स्वतःचा अडॅप्टर, आईने वायरीला जुन्या परकराची नाडी गुंडाळून ठेवलेला. अडॅप्टर सापडला याचं मला फार बरं वाटलं, कारण घरात बारा व्होल्टचे दोन पडले होते आणि पिन कदाचित बसलीही असती. बसते म्हणून लावली तर यंत्र जळू शकतं.

मग टीव्हीलाच का नाही लावला, असं कुणीही विचारेल. लावला होता. हॉलमधल्या एलईडी टीव्हीला मागे पिवळी, पांढरी, लाल अशी तिन्ही भोकं आहेत आणि गेमच्या वायरीला त्याच तीन रंगांच्या पिना. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची, लाल उजव्या. पाच मिनिटांत चालू झालं. पण संध्याकाळी सात ते दहा तो टीव्ही आईचा असतो. सकाळी अण्णांच्या बातम्या. दुपारी मुलाला खेळता आलं असतं, तर दुपारी आई त्याच खोलीत आडवी होते. सिडकोने माथाडींसाठी बांधलेल्या घरांपैकी आमचं घर. वर खोली चढवली असली तरी हॉल तेवढाच राहिला. त्या घरात टीव्ही हे एक सामान नाही, एक वेळापत्रक आहे. आईने चाळीस वर्षं सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या. तिचे तीन तास मागायचं मला धाडस झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं.

वरच्या खोलीत दादाचा जुना मॉनिटर होता. एमएस-सीआयटी करताना घेतलेला, सतरा इंची, चौकोनी, साडीत गुंडाळलेला. त्याचा सीपीयू कधीच भंगारात गेला. मॉनिटर मात्र “चांगला आहे, राहू दे” म्हणून राहिला. त्याच्या मागे एकच भोक: निळं, पंधरा टाचण्यांचं, व्हीजीए. आयबीएमने हे व्हीजीए १९८७ मध्ये आणलं आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं जगातले बहुतेक मॉनिटर त्याच भोकाने जोडले गेले. म्हणजे एका बाजूला तीन रंगीत पिना, दुसऱ्या बाजूला पंधरा टाचण्या. मी स्टेशनबाहेर गेले आणि एका टोकाला तीन पिना, दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली वायर एकशेवीस रुपयांना घेऊन आले. दोन्ही टोकं व्यवस्थित बसली. आणि मग ती दुपार.

त्या रात्री मुलाने फोनवर शोधून दुसरी वस्तू मागवली. गेमच्या मागच्या चपट्या भोकात थेट बसणारी बोटाएवढी डबी, पलीकडून एचडीएमआय निघतो, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी नव्या टीव्हींची जोडणी. साडेचारशे रुपये. दोन दिवसांनी आली तेव्हा लक्षात आलं की मॉनिटरला एचडीएमआय नाहीच. हे आम्हाला आधी दिसायला हवं होतं. भोक समोर होतं.

अण्णा हे सगळं शांतपणे पाहत होते. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी पाठीवर गोणी वाहिल्या, त्याआधी मशीद बंदरला. ते कुणालाही शिकवायला जात नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “गोणी पाठीवर घ्यायच्या आधी कोपरा उचलून बघायचा असतो.” नवखा माणूस गोणीच्या आकाराकडे बघतो आणि पाठ लावतो. जुना माणूस एका हाताने कोपरा वीतभर उचलतो. आत काय आहे, ओलं आहे का, भार कुठल्या बाजूला बसलाय, ते हाताला कळतं. मग तो ठरवतो. माझ्या पाचशेसत्तर रुपयांत कोपरा उचलून बघितलेला एकही रुपया नव्हता. आमच्या घरात पैसा नेहमीच मोजून आला, पण अण्णांनी कधी सर्वांत कमी किमतीची वस्तू आणल्याचं मला आठवत नाही. ते विचारायचे, दहा दुकानं बघायचे, आणि एकदाच आणायचे. स्वस्त म्हणजे काय याचा माझ्याजवळ तोच एक खात्रीचा नमुना आहे.

दुसऱ्या दिवशी गेम, मॉनिटरच्या मागच्या बाजूचा फोटो आणि मुलगा, असं घेऊन मी ठाण्याला निघाले. ही ट्रान्स हार्बर गाडी २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि तिने माझं माहेर आणि पुढे सासर एका रेषेवर आणलं. घणसोली, रबाळे, ऐरोली, आता मध्ये दिघा गावही आहे, मग ठाणे. मुलाने पिशवी मांडीवर धरली होती, अंड्यांची असावी तशी.

जांभळी नाक्याकडून आत जाणाऱ्या एका गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका बसतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मागे जुन्या टीव्हींचे पुठ्ठे, समोर सोल्डरिंग गन, राळेचा वास. माझ्या सासूबाईंचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्यांनी तीनदा जिवंत केला होता. मी एकशेवीसची वायर पुढे केली.

“ताई, वायर खोटी नाही,” ते म्हणाले. “ही प्रोजेक्टरची. काही प्रोजेक्टर व्हीजीएच्या भोकातून तीन रंगांचं वेगळं चित्र घेतात, त्यांना चालते. तुमच्या मॉनिटरला नाही चालणार.”

मग त्यांनी एका पावतीच्या मागे पेनाने काढून दाखवलं, आणि मला वाटतं त्या दहा मिनिटांत मी जे शिकले ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिते.

पिवळ्या पिनेतून येतं ते सगळं एकत्र येतं. पडद्यावर चित्र एकेका रेषेने काढलं जातं. उजेड, रंग, आणि रेषा कुठे संपली, चित्र कुठे संपलं याच्या खुणा, सगळं एका तारेत कालवलेलं. व्हीजीएच्या मॉनिटरला ते निवडून लागतं. लाल एका तारेत, हिरवा दुसऱ्या, निळा तिसऱ्या. शिवाय रेषेची खूण तेराव्या टाचणीवर आणि चित्राची खूण चौदाव्या टाचणीवर, वेगळी. माझ्या वायरीत तेरा आणि चौदा कुठेच जोडलेल्या नव्हत्या. मॉनिटर त्या दोन टाचण्यांकडे कान लावून बसला होता, तिथे सगळं शांत होतं, म्हणून तो ‘नो सिग्नल’ म्हणत होता. त्याच्या बाजूने ते खरंच होतं.

आणि खुणा पोचल्या असत्या तरी चाल जमली नसती. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ रेषांचा, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला १५,६२५ रेषा. तेही एकदम नाही. आधी एकाआड एक रेषा, मग परत येऊन मधल्या उरलेल्या. सेकंदाला पन्नास वेळा अर्धं अर्धं चित्र, आणि डोळा ते जोडून घेतो. अमेरिका-जपानच्या पद्धतीत आकडे वेगळे, पण रेषांचा वेग जवळजवळ हाच. संगणकाच्या पडद्यासमोर माणूस हातभर अंतरावर बसतो, तिथे हे अर्धं अर्धं चित्र लुकलुकतं. म्हणून व्हीजीएने सगळ्या रेषा एका दमात काढायचं ठरवलं. दिसणाऱ्या ४८०, न दिसणाऱ्या धरून ५२५, सेकंदाला साठ वेळा. गुणाकार ३१,५००. टीव्हीच्या जवळजवळ दुप्पट म्हणा ना. मॉनिटरला यापेक्षा हळू चालता येत नाही.

“म्हणजे मध्ये असं काहीतरी पाहिजे,” काका म्हणाले, “जे पिवळ्यातून रंग निवडेल, खुणा वेगळ्या करेल आणि रेषा दुप्पट करेल. नुसत्या तांब्याच्या तारेला हे काम जमत नाही. आत चिप पाहिजे, चिपला वीज पाहिजे. वायरीला अडॅप्टर नसेल तर ती चित्र बदलत नाही, नुसती पिन बदलते.”

हे शेवटचं वाक्य आधी ऐकलं असतं तर माझे एकशेवीस वाचले असते.

मुलाने एचडीएमआयची डबी दाखवली. एचडीएमआयचं व्हीजीए करणारी पिन मिळते ना, मग दोन्ही एकापुढे एक लावू या, असं त्याचं म्हणणं. काकांनी ते उडवून लावलं नाही. म्हणाले, चालेल, पण एक डबी उलथा करणार, दुसरी परत सुलटा करणार, प्रत्येक जण थोडा वेळ खाणार, आणि तुझे आणखी चारशे जाणार. ती डबी टीव्हीसाठी ठेव. तिच्यातून तीन तारांचं चित्र येतं, पिवळ्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ. फक्त गेमच्या सेटिंगमध्ये ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ आहे तिथे आरजीबी असेल तर ते बदलून दुसरा पर्याय घे, नाहीतर रंगांचा विचका दिसेल. त्यांना हे कसं माहीत होतं कोण जाणे. प्लेस्टेशन त्यांनी आयुष्यात हातात धरला नसावा. पण भोकं आणि तारा ओळखणाऱ्या माणसाला यंत्राचं नाव लागत नाही.

नवा, एव्हीचं, म्हणजे या तीन रंगीत पिनांचं, व्हीजीए करणारा डबा त्यांच्याकडे होता, साडेनऊशेला. मी पर्स उघडली. ते थांबा म्हणाले आणि वाकून खालच्या खोक्यातून एक राखाडी डबा काढला, पुस्तकाएवढा, वर धूळ, बाजूला एक छोटा अँटेना. टीव्ही ट्यूनर.

बघताक्षणी ओळखला. २००५ ते २०१० च्या सुमारास ठाणे-डोंबिवलीकडे कितीतरी घरांत हा होता. नवीन टीव्ही घ्यायला पैसे नाहीत, पण पोरांच्या शिक्षणासाठी संगणक आलाय, तर त्याच मॉनिटरवर केबल दिसावी म्हणून हा डबा. केबलची गोल वायर यात, यातून व्हीजीए मॉनिटरला, सोबत रिमोट. सीपीयू चालू करायचीही गरज नसे. माझ्या मैत्रिणीच्या घरी तिच्या वडिलांनी २००७ चा विश्वचषक असाच पंधरा इंची मॉनिटरवर पाहिला होता. मग केबल डिजिटल झाली, सेट टॉप बॉक्स आले, मोठे टीव्ही स्वस्त झाले, आणि हे डबे भंगारात गेले. पण डिजिटल झाल्याने त्याचा मेला तो फक्त केबलचे चॅनल पकडणारा अर्धा भाग. मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं तशीच शाबूत, आणि पिवळ्याचं व्हीजीए करणारी चिप तशीच जिवंत. लोकांनी ज्यासाठी तो घेतला होता ते काम संपलं होतं. आम्हाला हवं होतं ते त्याच्या पोटात पहिल्यापासून होतं. त्यांनी लावून दाखवला. त्यांच्या दुकानातल्या धुळकट मॉनिटरवर गेमचं निळसर पान उमटलं आणि माझ्या मुलाच्या तोंडून आवाजच निघेना.

साडेतीनशे. अडॅप्टरसकट. रिमोट नव्हता, पण समोर बटणं होती.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, काय निघालं. मी पावतीमागचं चित्र काढून सांगायला लागले. इकडून पंधरा हजार रेषा येतात, तिकडे एकतीस हजार लागतात, हा डबा मध्ये बसून दुप्पट करतो. ते ऐकत होते, बोटं मांडीवर हलत होती. अण्णा वसाहतीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, गुडघे दुखायला लागल्यापासून बसायला खुर्ची घेऊन, पण वाजवतात. मध्येच म्हणाले, “म्हंजी दुगुन की गं.”

मी थांबले.

“आवर्तन तेवढंच, सम तिथंच. बोल तेवढ्यात दोनदा घ्यायचं. गाणारा त्याच्या चालीनं गातोय, त्याला घाई न्हाई. वाजवणारा आत दुप्पट चालतोय.” आणि त्यांनी मांडीवर आधी ठाय, म्हणजे संथ, मग दुगुन, म्हणजे त्याच्या दुप्पट, वाजवून दाखवली. टाळ धरणाऱ्याला काही वेगळं करावं लागत नाही, ते म्हणाले. बिघडतं कधी, तर पखवाजी समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, नाही आला तर.

मी कितीतरी वेळ त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. साध्यातला साधा डबा खरोखर हेच करतो. एक रेषा आली की तेवढ्याच वेळात ती दोनदा देतो. जरा बरा असेल तर दोन अर्धी चित्रं साठवून, एकमेकांत विणून पूर्ण करून देतो. आणि सम चुकली, खुणा हुकल्या, की चित्र वर वर सरकत जातं, हेही मी नंतर एका सैल पिनेमुळे पाहिलं. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या माझ्या वडिलांकडे या गोष्टीसाठी नेमका शब्द तयार होता आणि माझ्याकडे नव्हता.

आवाजाचं काम सोपं. मॉनिटरला स्पीकर नव्हता, पण ट्यूनरला आवाज बाहेर काढायचं भोक होतं. दादाचे संगणकाचे छोटे स्पीकर माळ्यावरून खाली आले. एक जॅक सैल होता, चाळीस रुपयांची नवी पिन घेतली. म्हणजे उपयोगी खर्च तीनशेनव्वद. वाया गेलेला एकशेवीस, कारण एचडीएमआयची डबी आता दुपारी आई गावाला गेली की टीव्हीला लागते. दोन्हींतला फरक मला स्पष्ट दिसतो. मॉनिटरवर, पिवळ्या पिनेतून, अक्षरांच्या कडांना मुंग्या चालल्यासारखं होतं. रंग आणि उजेड एकाच तारेत कालवून परत वेगळे करताना थोडं राहूनच जातं. चौकोनी पडदा चारास-तीनपेक्षाही जरा उभट, त्यामुळे खेळाडू किंचित उंच दिसतात. हे दोष आहेत आणि ते राहतील. मुलाला त्यांचं काही नाही.

त्यानंतर गल्लीतल्या मुलांच्या आया मला विचारायला लागल्या. नवीन गेमचं सोपं असतं, हे मी सगळ्यांना सांगते. त्यातून एचडीएमआयच निघतो, आणि मॉनिटरलाही एचडीएमआय असेल तर मध्ये कुणी नको, साधी वायर पुरे. मॉनिटरला डीव्हीआय नावाचं पांढरं भोक असेल तर बिनविजेची साधी पिनही चालते, कारण चित्र आतून एकाच जातीचं आहे. आवाज मात्र बहुतेक वेळा त्यातून येत नाही. प्लेस्टेशन ४ असेल तर आवाजासाठी काहीच घेऊ नका, कंट्रोलरलाच हेडफोनचं भोक आहे, सेटिंगमध्ये सगळा आवाज तिकडे वळवता येतो. व्हीजीएच असेल तर चिपवाली पिन लागते. घणसोलीच्या एका बाईंचा प्लेस्टेशन ३ टीव्हीवरून काढून डीव्हीआयच्या मॉनिटरला लावल्यावर काळाच राहिला. त्या नवी वायर घ्यायला निघाल्या होत्या. यंत्र बंद करून त्याचं चालूचं बटण पाचेक सेकंद, दुसरा टुंग वाजेपर्यंत दाबून धरायला सांगितलं. ते जुनं ठरवलेलं विसरून नव्याने पडदा ओळखायला लागलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते, आणि तो आनंद मला दिवसभर पुरला. आणि त्या मॉनिटरचं डीव्हीआय फार जुनं असतं तर यातलं काहीच चाललं नसतं, हेही मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. प्लेस्टेशन ३ चित्राला नक्कलबंदीचं कुलूप लावूनच पाठवतो, आणि ज्या जुन्या पडद्याला ते उघडता येत नाही तो काळा राहतो. मुख्य म्हणजे मी प्रत्येकीला दोन्ही यंत्रांच्या मागच्या बाजूचे फोटो मागते. पैशाचं बोलणं त्यानंतर.

एकशेवीसची वायर अण्णांनी नीट गुंडाळून, परकराच्या नाडीने बांधून खिळ्याला लावली. कुणाकडे प्रोजेक्टर निघाला तर द्यायला होईल म्हणाले.

एक गोष्ट राहिली होती. दादाच्या क्रिकेटच्या गेममध्ये मुलगा मॉनिटरवर खेळला की सारखा बाद व्हायचा. टीव्हीवर, थेट पिवळ्या पिनेने, तो बरा खेळत होता. मला वाटलं कंट्रोलरचं बटण गेलं. बटण ठीक होतं. ट्यूनर चित्र साठवतो, दुप्पट करतो आणि मग देतो. त्यात डोळा मिटायच्या आत जाईल एवढा वेळ जातो, पण चेंडूला तेवढा पुरतो. पडद्यावर चेंडू बॅटपाशी दिसतो तेव्हा गेममध्ये तो पुढे निघून गेलेला असतो. मुलगा हिरमुसला. यावर स्वस्त उपाय नाही असं मी त्याला सांगणार होते.

त्या संध्याकाळी खाली आईची मालिका सुरू झाली आणि अण्णा वर येऊन खुर्चीवर बसले. दोन षटकं त्यांनी काहीच म्हटलं नाही. नुसते गोलंदाजाच्या धावेबरोबर मांडीवर बोट टेकवत होते. मग म्हणाले, “तू समेची वाट बघतोयस. अर्धी मात्रा आधी उचल.”

“चेंडू दिसायच्या आधी, आजोबा?”

“दिसायच्या आधी न्हाई. पोचायच्या आधी.”

गोलंदाज पुन्हा धावत यायला लागला. अण्णा मोजत होते, ओठ हलत होते. मुलाने बटणावर अंगठा ठेवला आणि पडद्याऐवजी त्यांच्या बोटाकडे बघू लागला.